गोळी सुरू असताना ओठ सुजला तर



आमच्या वस्तीत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. वर्गात तो एका जागी दहा मिनिटेही बसत नसे. मास्तर म्हणत, पोरगा व्रात्य आहे. घरात मार खाऊन झाला, अंगारा लावून झाला. शेवटी सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा समजले की त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार आहे. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक वर्गातील औषध सुरू केले. पंधरा दिवसांत पोरगा वहीत पानभर लिहू लागला. आईला आभाळ ठेंगणे झाले.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा ओठ सुजला. आजी म्हणाली, दृष्ट लागली. शेजारीण म्हणाली, काहीतरी चावले असेल, हळद लावा. गोळी चुकवायची नाही असे सांगितलेले, म्हणून आईने सकाळी पुन्हा गोळी दिली. दुपारपर्यंत पापण्या सुजल्या, अंगावर गांधी उठल्या. मग धावपळ झाली. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, सूज उतरली, पुढे दुसऱ्या प्रकारचे औषध दिले. मुलगा आज शाळेत जातो. पण ती माउली अजून म्हणते, "मीच माझ्या हाताने दिली हो." तिचा काय दोष? तिला हे आधी कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून सांगतो. या औषधाने भूक मंदावणे, झोप न लागणे, पोट किंवा डोके दुखणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे त्रास नेहमी आढळतात. सूज मात्र क्वचितच येते. एखाद्याच्या शरीराला औषध मानवत नाही आणि ओठ, पापण्या, जीभ किंवा घसा सुजतो. घसा सुजला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, धोका तिथे आहे.

जीभ-घसा सुजला, आवाज घोगरा झाला, गिळता येईना किंवा दम लागला, तर क्षणभरही थांबू नका. १०८ वर फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. नुसता ओठ किंवा पापणी सुजली तरी पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पावले सुजून धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर हृदयाची तपासणी तातडीने हवी. बोटे पांढरी-निळी पडून दुखू लागली तर तेही सांगा.

प्रत्येक सुजेला गोळीच जबाबदार असते असे नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवी कमी, हे मूत्रपिंडाच्या आजाराचेही लक्षण असते. दुखण्यावरच्या साध्या गोळीनेही सूज येऊ शकते. म्हणून गोळी किती वाजता दिली, सूज कधी आली, आणखी कोणते औषध दिले, हे वहीत लिहून ठेवा व ती वही डॉक्टरांना दाखवा.

हे औषध कायद्याने शेड्यूल एक्समध्ये आहे. दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. तेव्हा एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. परीक्षेच्या अभ्यासासाठी जागायला म्हणून तर मुळीच नको.

औषधाचा दुष्परिणाम आपण स्वतःही सरकारला कळवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आणि एक विनंती. हे वाचून घाबरून कोणी चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांनी नवीन गोळी लिहून दिली की तिथेच विचारा, "साहेब, काय झाले तर लगेच यायचे?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, आणि तो विचारण्यात संकोच कसला?