सोलापूरचे मुखारोग्य : न्यायाचा एक दुर्लक्षित प्रश्न

दर वर्षी ९ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा अलेक्झांड्रियाच्या संत अपोलोनिया हिचे स्मरण करते. इ.स. २४९ च्या सुमारास छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले. पुढे दातदुखीने त्रस्त झालेले भाविक शतकानुशतके तिचा धावा करीत आले. दोनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जागतिक आजारी दिन येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ मध्ये सुरू केला. या दोन दिवसांच्या निमित्ताने आम्ही आपल्या पुणे धर्मप्रांतातील सोलापूर जिल्ह्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे विकार आहेत आणि दर चार रुग्णांपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. दात किडणे हा क्षुल्लक विषय मानण्याची आपली सवय किती महाग पडते, हे यावरून दिसावे.

महाराष्ट्रात या दुखण्याला तंबाखूची जोड आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्याकडील तंबाखू मुख्यतः तोंडात धरली जाते. कित्येक घरांत स्त्रिया मिशेरीने दात घासतात आणि त्यालाच दातांची निगा समजतात. याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रोगाची मोजदाद करण्यात हा जिल्हा मागे नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुटख्यावर २००२ मध्ये बंदी आली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा लागू झाली. शेजारच्या कर्नाटकानेही २०१३ मध्ये बंदी घातली. तरीही सीमेवरील या जिल्ह्यात गुटखा पकडल्याच्या बातम्या येतच राहतात. साधी तंबाखू आणि चुना तर राजरोस मिळतो.

सोलापूरचा खरा पेच विडीत आहे. येथील हजारो स्त्रियांचा संसार विड्या वळण्यावर चालतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढी कमाई बुडते. कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली, २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या हाती आली. संघटित प्रयत्नांचे हे मोठे यश होय. मात्र विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने वसूल होणारा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच बंद झाला. त्याच नव्या करात टूथपेस्टवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के आकारणी होत होती. आता ती ५ टक्क्यांवर आली, याचे आम्ही स्वागत करतो.

राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या तोंडाची तपासणी गावपातळीवर व्हावी, हेही शासनाचे धोरण आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये, तेव्हाच्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली त्यांत सोलापूर होता. परंतु अशा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या मोठ्या उपचारांवर असतो. जबडा कापण्याची वेळ आली की मदत मिळते. दात भरून घेण्यासाठी किंवा गालातील पांढरा चट्टा वेळेवर दाखवण्यासाठी मात्र गरिबाने स्वतःची मजुरी सोडावी आणि बहुधा खिशालाही हात घालावा, ही उलटी व्यवस्था आहे. दंतवैद्य शहरात एकवटलेले असल्यामुळे खेड्यातील माणूस दुखणे असह्य झाल्यावरच निघतो आणि दात काढून परततो.

म्हणून आम्हांला काही गोष्टी निकडीच्या वाटतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आणि चालू स्थितीतील साहित्य असावे. विडी कामगारांच्या वस्त्यांत तपासणी संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी व्हावी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने असलेली मनाई प्रत्यक्षात पाळली जावी. विडीचा खप घटावा, ही इच्छा रास्तच आहे. पण ती वळणाऱ्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारीही शासनाने उचलली पाहिजे. तसे न झाल्यास आरोग्याची किंमत पुन्हा गरीब स्त्रीच मोजील.

आपल्या धर्मग्रामांनाही यात वाटा उचलता येईल. शाळांतून मुलांच्या दातांची वार्षिक तपासणी, महिला मंडळांतून मिशेरीविषयी मोकळी चर्चा, धर्मभगिनींच्या दवाखान्यांतून तोंडातील चट्ट्यांची पाहणी या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. उपवासकाळात तंबाखू सोडण्याचा संकल्प करणाऱ्यास कुटुंबाने आणि धर्मग्रामाने साथ द्यावी.

प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूला धर्मशाळेत पोहोचवले आणि पुढील खर्चाचीही तजवीज केली. गरिबाच्या दातदुखीकडे पाहताना शासनाने आणि आपण सर्वांनी तेवढी तजवीज करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.