कषायाला चहा म्हणू नका!

कचेरीच्या कामासाठी उज्जैनला गेलो होतो. दुपारी तिथल्या सहकाऱ्याने दोन कप पुढ्यात ठेवले : एक 'व्हाईट टी', दुसरा 'हर्बल टी'. पहिला चहाच, कोवळे कोंब नुसते सुकवून केलेला. दुसऱ्याचा घोट घेतला आणि आजी आठवली. धने, जिरे, बडीशेप! अहो, हा तर आपला गोव्याचा कषाय! चहाचं एक पान नसताना हा चहा कसा? कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाचा नसेल त्याला चहा म्हणू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही डिसेंबर २०२५ मध्ये बजावलं. पण कायदा पाकिटावरचं नाव बदलील, आपल्या जिभेवरचं कोण बदलणार? कषाय मागायला आपल्याला लाज वाटते. 'हर्बल टी'ला मात्र मुकाट पैसे मोजतो. मी यापुढे कषायच मागणार. तुम्ही?