पाण्याआधी आणि पाण्यानंतर

'स्मृतिचित्रे' पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कुणालाही एक प्रश्न चुकत नाही. नारायण वामन टिळकांचा ख्रिस्तावर विश्वास बसला होता हे ठीक. पण मग बाप्तिस्मा कशासाठी? विश्वास मनात ठेवून, बायकोमुलासह घरात राहून तो जपता आला नसता का? लक्ष्मीबाईंच्या हालांनी विद्यार्थी हेलावलेले असतात, म्हणून प्रश्नात थोडा रागही असतो. परीक्षेच्या टिपा त्याचे उत्तर 'धर्मांतर' या एका शब्दात देतात आणि विनोद, निवेदनशैली, बोलीचा वापर या नेहमीच्या मथळ्यांकडे वळतात. आमचे म्हणणे असे की हा शब्द प्रश्न सोडवत नाही, झाकतो. विश्वास, बाप्तिस्मा आणि तारण या तीन वेगळ्या गोष्टी तो एका तारखेत कोंबतो. ख्रिस्ती श्रद्धाविचारात या तिघांचा क्रम आणि परस्परसंबंध यांवर जवळजवळ दोन हजार वर्षे वाद चालू आहे. आणि मराठी ख्रिस्ती लेखनातले जे उत्तम आहे, ते या तिघांमधल्या अंतरातच लिहिले गेले आहे.

'नव्या करारा'तच हा क्रम एकसारखा नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस विश्वास आणि बाप्तिस्मा या दोहोंची सांगड तारणाशी घातली आहे. मात्र त्याच वाक्याच्या उत्तरार्धात, दंडाची गोष्ट येते तेव्हा, केवळ अविश्वासाचा उल्लेख आहे, पाण्याचा नाही. (हा शेवटचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाला पाणी आणि आत्मा या दोहोंपासून नवा जन्म घेण्यास सांगितले जाते. उलट लूकच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या चोराला सुखलोकाचे वचन मिळते ते एक थेंब पाणी अंगावर न पडता. 'प्रेषितांची कृत्ये' वाचावी तर शोमरोनात लोकांचा बाप्तिस्मा आधी होतो आणि आत्मा नंतर येतो. तेथलाच जादूगार शिमोन विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतो आणि तरीही त्याचे अंतःकरण सरळ नाही, असे पेत्र त्याला तोंडावर सुनावतो. पुढे दोनच अध्यायांनी रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी सगळे उलटे घडते. तेथे आत्मा आधी उतरतो, पाणी मागून येते.

कर्नेल्याच्या कथेपाशी मराठी वाचकाने जरा थांबावे. आत्मा मिळालाच आहे, तर आता पाण्याची गरज काय, असे पेत्र म्हणत नाही. आत्मा मिळाला आहे म्हणूनच या परक्यांना पाणी कोण नाकारू शकेल, असा त्याचा सवाल आहे. आणि पेत्र यरुशलेमला परतल्यावर त्याच्यावर आक्षेप येतो तो बाप्तिस्मा दिल्याचा नव्हे. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पंक्तीला जेवल्याचा. बाप्तिस्मा हा आत्म्याचा व्यवहार खराच, पण त्याचा हिशेब समाज ताटावर मांडतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

पुढचा चर्चचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची चाल रूढ झाली आणि विश्वास आधी की पाणी आधी, हा प्रश्न अटळ झाला. १५२५ साली झुरिकमध्ये काही मंडळींनी, जाणत्या वयात स्वतः विश्वास ठेवून घेतलेला तोच खरा बाप्तिस्मा, असे म्हणून एकमेकांना तो नव्याने दिला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्ट्स याला १५२७ साली लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्यावरून निघालेल्या वादाला पाण्याचीच शिक्षा. विश्वासानेच तारण, असे सांगणाऱ्या लूथरने बालबाप्तिस्मा मात्र सोडला नाही. कॅथलिक परंपरेने बाप्तिस्मा आवश्यक मानला, पण त्याची मनापासूनची इच्छाही मोजली. आणि बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असा निर्वाळा व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने दिला तो २००७ साली.

या साऱ्याला मराठीत शब्द कोणते मिळाले? 'बाप्तिस्मा' हा मूळचा ग्रीक शब्द तसाच राहिला. स्नान म्हटले असते तर गंगास्नान आठवले असते. 'मोक्ष' बाजूला ठेवून प्रॉटेस्टंट भाषांतरांनी 'तारण' निवडले, आणि 'श्रद्धे'पेक्षा 'विश्वास' जवळचा मानला. आता तारण म्हणजे बुडणाऱ्याला तारणे हे खरे. पण तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही. विश्वास आणि तारण हे दोन्ही शब्द देवळाइतकेच सावकाराच्या ओट्यावरही चालतात. भाषांतरकारांच्या मनात हे असेल असे नाही, परंतु ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना काय गहाण पडते हे पक्के ठाऊक होते.

मराठीतील पहिला थोर ख्रिस्ती ग्रंथ पाण्यानंतरचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य साष्टीतील ज्या लोकांसाठी रचले गेले, त्यांचा बाप्तिस्मा होऊन चुकला होता. त्यांची जुनी पुराणे गेली होती, नवे हाती आले नव्हते. आधी पाणी, मग समज, असा हा क्रम. पाणी देणाऱ्यांमागे पोर्तुगीज सत्ता उभी होती, हे विसरून या ओव्यांच्या गोडव्याचे कौतुक करणे आम्हांला जमत नाही; आणि हे आठवले म्हणून ओव्यांतली करुणा खोटी ठरते, असेही वाटत नाही.

इंग्रजी अमलात क्रम उलटला. आता विश्वास आधी होता आणि पाण्याची वाट पाहणे हाच अनुभवाचा गाभा झाला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. पुढे प्रश्न उठला, त्याला जातीत घ्यावे की नाही. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, सनातनी विरोधात गेले. पाणी डोक्यावर पडले नव्हते, पण अन्न पोटात गेले होते. आणि जातीच्या लेखी तेवढे पुरे होते. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म वा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला खरा. पंक्ती शाबूत ठेवणारा कायदा कोण करणार?

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) या पार्श्वभूमीवर वाचावे. त्यांचा बाप्तिस्मा १८५४ सालचा. पण आत्मचरित्राचे नाव त्यांनी सूर्योदय ठेवले नाही. रात्र संपली आहे आणि ऊन पडलेले नाही, अशा संधिकाळाचे हे पुस्तक आहे: पटले आहे, पण पाऊल उचलवत नाही. त्याच काळात ज्या परमहंस मंडळीत ते वावरले, तेथे जातिभेद न मानणारे लोक ख्रिस्त्याच्या हातचा पाव खात, पण दार लावून. गुप्त विश्वास आणि उघड बाप्तिस्मा यांतला फरक बाबांना कुणा ईशज्ञान्याने शिकवावा लागला नाही. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि मंडळी विखुरली. यादीत नाव असणे ही केवढी जोखीम होती, ते यावरून कळावे.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून वेगळा, आणि आमच्या मते सर्वांत बोधक. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडे आधी त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने तेथेच जीव दिला होता. ज्या भगिनीमंडळाच्या आश्रयाला रमाबाई होत्या, ते अँग्लिकन चर्चमधल्या उच्च परंपरेचे. त्यांच्या मते बाप्तिस्म्यात नवा जन्म प्रत्यक्ष घडतो. याच मुद्द्यावरून गोरहॅम नावाच्या धर्मोपदेशकाचा खटला १८५० साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता आणि इंग्लंडचे चर्च हादरले होते. म्हणजे रमाबाईंच्या डोक्यावरचे पाणी आधीच वादग्रस्त होते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. वरवर पाहता ही पत्रे त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल भांडतात. खाली प्रश्न एकच आहे, बाप्तिस्म्याने माणूस नेमका कुणाच्या स्वाधीन होतो? सिस्टरच्या दृष्टीने शिष्येने चर्चपुढे मान तुकवली होती. रमाबाईंच्या दृष्टीने त्या ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आल्या होत्या, आणि विचार करण्याचा हक्क त्यांनी दारात काढून ठेवला नव्हता.

आणि तारण? १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त गवसला तो सुमारे आठ वर्षांनी. त्यासाठी निमित्त झाले विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन. हा गृहस्थ दीक्षा घेऊन उपदेश करू लागल्यानंतर, व्यासपीठावर उभा असताना पालटला होता. रमाबाईंना बुद्धीने पटवणारे नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले, पण शंकांनी त्यांची पाठ पुढेही सोडली नाही. तेव्हा 'रमाबाईंनी १८८३ साली धर्मांतर केले' हे वाक्य चरित्रकोशासाठी बरोबर आणि रमाबाईंसाठी अपुरे आहे. केडगावच्या संस्थेला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले, 'तारण' नव्हे. विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींच्या त्या घरात जुनाच शब्द नव्या कामाला लागला.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५चा, मुंबईत, लक्ष्मीबाईंचा १९००चा. या पाच वर्षांत 'स्मृतिचित्रां'चा कणा आहे. नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले. मग जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांना पडला, आणि कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. बाप्तिस्मा याच्या मागून आला. येथे क्रम असा: आधी ताट, मग पाणी. लक्ष्मीबाई ईशज्ञानाची भाषा वापरत नाहीत, पण कर्नेल्याच्या घरातला पेत्र त्यांना आमच्यापेक्षा चांगला समजला असता. टिळकांच्या हृदयपालटापेक्षा हा स्वयंपाकघरातला पालट आम्हांला अधिक खोल वाटतो.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्यास आरंभ केला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांचे हे बंधुमंडळ. स्वतः बाप्तिस्म्यापायी घर, जात, काही वर्षे बायकोमूलही गमावलेल्या माणसाने बावीस वर्षांनी दुसऱ्यांसाठी ती अट सैल करावी, यात फार मोठे औदार्य आहे. तरीही आमची एक हरकत आहे. जातिसमाजात मनातला ख्रिस्त फुकट पडतो. ख्रिस्ताबद्दल आदर बाळगणारे सुशिक्षित तेव्हा पुष्कळ होते. रमाबाईंच्या शारदासदनात मुली प्रार्थनेला बसतात म्हणताच रानडे-भांडारकरांसारखी मंडळी १८९३ साली सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पाण्याला न लागलेला विश्वास पंक्तीपाशी येऊन थबकतो. दरबारातला बाप्तिस्मा न घेतलेला ब्राह्मण घरी जाऊन सोवळ्यातच जेवणार असेल, तर त्याच्या शेजारी बसलेल्या महाराला दरबाराने काय दिले?

महार-मांग ख्रिस्त्यांचे नाव निघाले की एक जुना संशय हटकून पुढे येतो: यांचा विश्वास खरा होता का, की दुष्काळातल्या धान्यासाठी पाणी घेतले? १८७६–७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले, तेव्हापासूनचा हा प्रश्न. तान्ह्या मुलाला विश्वासाचा दाखला न मागता बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळींनीही उपाशी माणसाकडे तो मागितला, हे आम्हांला विलक्षण वाटते. येशूकडे आलेल्या भुकेल्या जमावाला त्याने विश्वासाचा दाखला न मागता जेवू घातले, हे चारही शुभवर्तमानांत आहे.

हरकत घेतली खरी, पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशापाशी ती डळमळते. या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला नाही. १८९५ साली बाप्तिस्म्याची किंमत ब्राह्मण मोजत होता, १९५० नंतर ती दलित मोजतो. विश्वास ठेवून पाण्याला न जाणारे लोक आज आहेत, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार ज्याचे काही गहाण पडलेले नाही त्याला नाही. अशांसाठी टिळकांच्या दरबाराचे दार वेगळ्याच कारणाने उघडे हवे होते. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. ती ख्रिस्ती धर्म पाळते, नियमित चर्चला जाते, असे न्यायालयाने मानले. आणि पुराव्यांत एक नोंद होती तिच्या बाप्तिस्म्याची, जो झाला तेव्हा ती तान्ही होती.