सध्या काय ऐकताय?

‘काय, बरं आहे ना?’ ह्या प्रश्नाला कोणी उत्तराची अपेक्षा करीत नाही. ‘सध्या काय ऐकताय?’ ह्या प्रश्नाचे तसे नाही. विचारणाऱ्याला उत्तर हवे असते, पण तुमचे नव्हे. त्याला स्वतःचे द्यायचे असते. तुम्ही ‘विशेष काही नाही, तुम्ही?’ एवढे म्हणालात की कंडक्टरने डबल बेल दिल्यासारखे होते. गाडी निघते ती थेट न्यूयॉर्कला जाऊन थांबते. मध्ये उतरायची सोय नाही.

भावगीतवाल्यांना हा रोग नाही. नाट्यसंगीतवाल्यांना तर मुळीच नाही. ते विचारीत बसत नाहीत, गायलाच लागतात. त्यावर इलाज नसला तरी निदान गाणे कानावर पडते. जॅझवाला मात्र गात नाही. तो आल्बमचे नाव सांगतो, मग कंपनीचे, मग साल, मग ही पहिली छपाई की दुसरी, मग कव्हरवरचा फोटो कोणी काढला. संगीत राहते ते राहतेच.

महाराष्ट्रात जॅझवाले आहेत कुठे, असे तुम्ही विचाराल. मुंबईला पूर्वीपासून आहेत. पुण्याला आहेत, आणि आपण आहोत हे इतरांना कळावे अशी त्यांनी व्यवस्था केलेली आहे. नाशकात आम्ही सातजण. सातवा मी, आणि मी येतो हरसूलहून. ‘हरसूलला असतो’ म्हटले की नवखा माणूस आवाज खाली आणून ‘किती वर्षांची?’ असे विचारतो. ते हर्सूल संभाजीनगरचे, तुरुंगाचे. आमचे हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातले. भाताचे, नागलीचे आणि धो धो पावसाचे. तिथल्या एका बँकेत मी कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. तेव्हा संगीतावर बोलण्याचा मला अधिकार नाही हे कबूल. याद्यांवर बोलण्याचा आहे. वीस वर्षे मी याद्याच करतो आहे.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी. त्या दिवशी वाघेऱ्याचा घाट ओलांडून मी एस.टी.ने नाशकात दाखल होतो. एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांच्या दिवाणखान्यात बैठक भरते. दातांचे डॉक्टर, एक आयकर सल्लागार, एक प्राध्यापक असे सगळे जमतात आणि एकेकाने आपले ‘सध्याचे’ जाहीर करायचे असते. गेल्या बैठकीत मी घड्याळ लावून बसलो होतो. दोन तासांत एकवीस आल्बमांची नावे झाली. प्रत्यक्ष वाजले अकरा मिनिटे, आणि त्यातली चार मिनिटे डॉक्टर बोलत होते.

एके काळी ह्या जाहीर करण्याला अर्थ होता. परदेशी तबकडी मिळणे म्हणजे खटपट. कोणाचा मेहुणा बोटीवर, कोणाची आत्या अमेरिकेत, ती येणार दिवाळीला. ‘माझ्याकडे अमुक आलंय’ ह्याचा अर्थ ‘संध्याकाळी ऐकायला या’ असा होई, आणि त्यात कांदेपोहे गृहीत असत. आता सगळ्यांच्या खिशात सगळेच आहे. आमंत्रण गेले, पोहे गेले, घोषणा तेवढी उरली.

बरे, घोषणेने कान तयार होतात म्हणावे, तर माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट ऐका. ते नसेल ती यादी बाद, असे ह्या आल्बमचे माहात्म्य. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कला त्याचे ध्वनिमुद्रण झाले. पहिल्या दिवशी टेपचे यंत्र किंचित हळू चालत होते. परिणामी तबकडीची पहिली बाजू वाजताना जराशी चढ्या सुरात वाजे. दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली १९९२ साली. म्हणजे तेहेतीस वर्षे जगभरचे याद्यावाले चढ्या सुराला ‘काय सूर लागलाय!’ म्हणून माना डोलावीत होते. आमच्याकडे हिशेबात एक पैसा जुळला नाही तर शेवटची एस.टी. चुकते.

डॉक्टरांना हे सांगितले तर ते म्हणाले, “माझ्याकडे दोन्ही आहेत. चुकीचं पण आणि बरोबर पण.” पुढे काय बोलणार?

पण माझे खरे भांडण ते नव्हे. याद्या करून कोणी सुखी होत असेल तर मी कोण आड येणार? भांडण आहे ते यादीत कोण बसतो आणि कोण दाराबाहेर राहतो ह्याबद्दल. यादी आल्बमांची. ज्याचा आल्बम निघाला तो माणूस. ज्याचा निघाला नाही तो वाजवीतच नव्हता. ह्या हिशेबाने न्यू ऑर्लीन्सचा बडी बोल्डन, ज्याला जॅझचा मूळ पुरुष मानतात, तोच पहिल्या झटक्यात बाद. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले, १९३१ साली तो तिथेच वारला, आणि त्याच्या वाजवण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. आमच्या बैठकीला तो आला असता तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता.

बोल्डन लांबचा. जवळचे बघा. गेल्या खेपेला माझी पाळी आली.

“बोला हरसूलकर, तुमचं सध्या काय?”

“अलबेला,” मी म्हणालो.

“वा! कोणाचा?” आयकर सल्लागारांनी वही उघडली. त्यांना वाटले असावे कोणी इटालियन.

“भगवानदादांचा.”

वही मिटली. इंजिनिअरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, ते फिल्मी. ठेका उचलला म्हणून जॅझ होत नाही हो.”

होत नाही कसे? ‘अलबेला’ १९५१ चा. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे. त्यांच्या साथीला चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातले हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवीत की त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त ते आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा बँड अमेरिकेहून ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईच्या बड्या हॉटेलांत जॅझची हवा सुरू झाली. पुढे रात्री हॉटेलात वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. संगीतकाराने चाल सांगायची. ती नोटेशनमध्ये उतरवून कुठे ट्रम्पेट, कुठे व्हायोलिनांचा ताफा, हे मांडायचे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा अरेंजर मंडळींचे. माझ्या आजीने ताजमहाल हॉटेल बाहेरूनसुद्धा पाहिले नव्हते. पण ‘अलबेला’च्या गाण्यांवर ती भाकरी थापायची आणि थाप ठेक्याबाहेर पडत नसे. जॅझ तिच्यापर्यंत ह्या लोकांनी पोहोचवला, कुठल्या आल्बमने नव्हे.

आणि तबकडीवर ह्यांची नावे? गायक, चित्रपट, संगीतकार, संपली जागा. १९४९ च्या ‘महल’मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर तर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते, म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचे नाव! जिथे लता मंगेशकरांची ही गत, तिथे मागच्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्याला कोण विचारतो? अँथनी गोन्साल्विस हे नाव अवघ्या देशाला पाठ झाले ते १९७७ साली, अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आला तेव्हा. त्या चित्रपटाच्या संगीतकारांपैकी प्यारेलाल हे गोन्साल्विसांचे शिष्य होते म्हणून निदान तेवढे तरी झाले.

बँकेत रक्कम आली आणि कोणाची ते कळले नाही, तर आम्ही ती संड्री डिपॉझिटमध्ये टाकतो. मालक सापडेपर्यंत ती डोक्यावर बसते. ऑडिटर दर खेपेला तिच्यावर बोट ठेवून विचारतो, “हे कोणाचं?” दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, पण नंतरही वारस उभा राहिला तर पैसे द्यावेच लागतात. इथे उलटा कारभार. जमा झाली ती सरळ दुसऱ्याच्याच खात्यावर, आणि ज्यांनी ऑडिट करायचे ते रसिक पासबुकाचे कव्हर बघून ‘वा वा’ म्हणून सही करतात.

हे आपल्याकडेच चालते असेही नाही. त्याच ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘ब्लू इन ग्रीन’वर नाव माइल्सचे आहे. पियानो वाजवणारा बिल इव्हान्स म्हणे, ती रचना माझी. तसे त्याने माइल्सजवळ बोलून दाखवले तेव्हा माइल्सने त्याला पंचवीस डॉलरचा चेक फाडून दिला, अशी हकीकत सांगतात. आमच्या बैठकीत त्या आल्बमचा क्रमांक सहाजणांना पाठ आहे. चेकची गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती.

आता थोडे आमच्या बाजूचे. हरसूलच्या पलीकडे जव्हार-मोखाड्याकडे गेलात तर वारल्यांचा तारपा ऐकायला मिळेल. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान, एवढ्यावर केलेले वाद्य. नाकाने श्वास घेत तोंडाने फुंकत राहायचे, फुंक तुटू द्यायची नाही. नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात आणि तारपावाला वळेल तसे वळतात. म्हणून तारपा म्हणजे जॅझच, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारी मंडळी वेगळी. ती पुष्पक विमानाच्या अलीकडे थांबत नाहीत. माझे म्हणणे एवढेच, की रोलंड कर्क असाच श्वास न तोडता सॅक्सोफोन वाजवी म्हणून अर्धा तास डोळे मिटून बोलणाऱ्यांनी तारपावाल्याचे नाव निघताच ‘आल्बम आहे का त्याचा?’ असे विचारू नये. प्राध्यापकांनी विचारले होते.

बँकेतला आमचा शिपाई त्या बाजूचा. जेवणाच्या सुटीत मी फोनवर सॉनी रॉलिन्स लावतो. हाच रॉलिन्स १९७८ साली मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला. शिपायाने मला आजवर आल्बम विचारलेला नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा डबा बाजूला ठेवून त्याने विचारले, “कोण वाजवतंय साहेब?” थोड्या वेळाने म्हणाला, “दम लई आहे त्याला.” मग सॅक्सोफोन थांबून पियानो सुरू झाला तेव्हा, “आता तो बसला. दुसऱ्याला दिलं.” सहाजणांच्या तोंडून दोन वर्षांत मी एवढे ऐकलेले नाही.

म्हणून बैठकीत मी रीतसर ठराव मांडला आहे. ज्याला आल्बमचे नाव घ्यायचे असेल त्याने त्यातला थोडा भाग आधी गुणगुणून दाखवावा, आणि मागे ड्रम कोण वाजवतो आहे ते सांगावे. कव्हरवर नाव नसेल तर महिनाभरात शोधून आणावे, तोवर नवा आल्बम काढू नये. सल्लागारांनी ठराव वहीत उतरवून घेतला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग डॉक्टर म्हणाले, “गुणगुणायचं म्हणजे... सगळ्यांसमोर, आवाज काढून?”

ठराव पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत तहकूब झाला.