फडताळ एक, जावा तीन



तळेगावहून एका भगिनीचं पत्र आलंय. त्या आपल्या बचत गटाच्या सचिव आहेत. बँकेनं कर्जाच्या अर्जाचे कागद ई-मेलनं पाठवले, ते यांना पोचलेच नाहीत. उलट टपाली बँकेकडे परत गेले. आठ दिवस या मेलची वाट पाहत बसल्या, आणि गटातल्या बायका यांच्या तोंडाकडे पाहत बसल्या! शेवटी बँकेत गेल्यावर कळलं की पेटी भरली आहे. "मला दिवसाला दोन-चार मेल येतात. एवढ्यानं पेटी कशी हो भरली?" असं त्या विचारतात.

बाई, पेटी मेलनं भरलेली नाहीच. आपल्यापैकी बहुतेकींकडे जीमेल असतं. त्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी. पण ही जागा एकट्या मेलची नाही. मेल, गूगल फोटो आणि ड्राइव्ह या तिघींत ती सामाईक आहे. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघरातलं एकच फडताळ तीन जावांना दिलेलं असावं, तसं. एकीनं आपले डबे रचून ते भरून टाकलं की उरलेल्या दोघींना मिठाची बरणी ठेवायलाही जागा नाही. आणि ही डबे रचणारी जाऊ बहुतेक घरांत फोटोवालीच असते! ३१ मे २०२१ पर्यंत थोड्या कमी प्रतीचे फोटो या हिशेबात धरले जात नसत. १ जून २०२१ पासून नवे सगळे धरले जातात. त्यातून हल्लीच्या फोनवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास जातो. पावसाळ्यात भुशी धरणाचे असे दीडशे व्हिडिओ काढलेत, की फडताळ गच्च. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता यातच मोजतात.

तेव्हा आवराआवर करायला हवी. आमच्या लोणावळ्यात जुलैतल्या रविवारी रस्त्याला गाड्यांची अशी रांग लागते की भाजीला बाहेर पडायची सोय नाही. कपडे वाळत नाहीत, पापड घालता येत नाहीत. तो दिवस या कामाला उत्तम.

पण हात घालण्याआधी माझी फजिती ऐका. फजिती कसली, दुःखच ते.

दोन वर्षांपूर्वी माझीही पेटी अशीच भरली. मी मोठ्या तडफेनं गूगल फोटो उघडलं आणि शे-दोनशे फोटो निवडून काढून टाकले. समज असा, की हे वरचे, ढगातले फोटो. फोनमधले तर फोनमध्ये आहेतच. शिवाय 'कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा होत नाही' हे कुठंतरी वाचलं होतं. तीही लगेच रिकामी केली. संध्याकाळी पाहते तर फोनमधूनही फोटो गेलेले. त्यात सासूबाईंच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. अंगणात पणत्या लावताना, नातीच्या हाताला धरून. वडगावच्या भाच्यानं संध्याकाळभर खटपट केली आणि मान हलवली. नणंदेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन सापडले, तेवढेच आता आहेत.

गूगल फोटोमध्ये 'डिलीट' म्हटलं की बॅकअप झालेला फोटो दोन्हीकडून जातो, ढगातून आणि फोनमधूनही. कचरापेटीत तो ६० दिवस असतो, तोवर परत आणता येतो. मी घाई केली नसती तर वाचले असते. याच्या उलट 'फ्री अप स्पेस' असं एक बटण तिथंच असतं. ते फोनमधली प्रत काढतं, ढगातली ठेवतं. म्हणजे फोन हलका होतो, पण फडताळ होतं तसंच भरलेलं! या दोहोंत गल्लत करू नका.

म्हणून आधी प्रत, मग आवराआवर. फोन वायरीनं संगणकाला जोडा. फोनवर वरून बोट खाली ओढलं की 'चार्जिंग' असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्यावर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. संगणकावर फोनचं नाव उमटेल. ते उघडून 'डीसीआयएम' आणि त्यातलं 'कॅमेरा' हे कप्पे पाहा. फोटो 'कॉपी' करा, 'कट' नव्हे. ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि अधूनमधून चार-पाच उघडून पाहा, नीट दिसतात ना. जे फोटो फोनमध्ये नाहीत, फक्त ढगात आहेत, ते संगणकावर गूगल फोटो उघडून 'डाउनलोड' करावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका. घरी संगणक नसेल तर फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारा पेन ड्राइव्ह मिळतो. आपल्याकडच्या ओलीत तो उघडा ठेवू नका. औषधाच्या बाटलीत येते तशी पांढरी पुडी घालून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

आता फडताळ कुणी भरलंय ते पाहू. जीमेल उघडा. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा. ढगाचं चिन्ह आणि किती जागा भरली ते दिसेल. त्यावर बोट ठेवलं की तिघींचा वेगवेगळा हिशेब समोर येतो. सगळ्यात जास्त जिची जागा, तिच्यापासून सुरुवात. फोटोवाली असेल तर व्हिडिओंकडे आधी वळा. एक मोठा व्हिडिओ काढला की पंचवीस-तीस फोटोंची जागा होते. 'शुभ सकाळ'चे गुलाब काढताना मन कचरायचं कारण नाही.

मेलमध्ये एकेक पत्र काढत बसाल तर दिवाळी येईल. वर शोधायच्या चौकटीत इंग्रजी 'लार्जर' शब्द लिहा (एल, ए, आर, जी, ई, आर), त्याला लागून विसर्गासारखी दोन टिंबं, मग मोकळी जागा न सोडता इंग्रजी आकड्यांत दहा आणि 'एम' हे अक्षर. दहा एमबीहून जड मेल तेवढे समोर येतील: लग्नाचे आल्बम, सोसायटीचे अहवाल. पाठवणाऱ्याच्या नावापुढच्या गोलावर बोट ठेवलं की मेल निवडला जातो. विमा, घरपट्टी, सातबारा, शाळेचे दाखले सोडून बाकीचे कचरापेटीत टाका.

कचरापेटीतलं सामानही जागेत मोजलं जातं, हे मात्र खरं. मेलची पेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. घाई असेल तर आत जाऊन एकदा सगळं नजरेखालून घाला आणि मगच रिकामी करा.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर 'सेटिंग्ज', 'चॅट्स', 'चॅट बॅकअप' असं जाऊन व्हिडिओ घेण्याची खूण काढून टाका. पुढच्या बॅकअपला फरक दिसेल.

आणखी एक. 'तुमची जागा संपली, इथं बोट ठेवा, नाहीतर खातं बंद' असे मेल येतात. त्यातले पुष्कळसे लबाडांचे असतात. त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका, पासवर्ड तर मुळीच देऊ नका. खरं-खोटं आपल्या गोल चित्राखाली जाऊन पाहायचं.

आणि हो, तो पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे ना? खातं मुलानं काढून दिलेलं, त्यात फोन नंबर त्याचाच, तोही कॉलेजातला, कधीच बंद झालेला, असं फार घरांत आढळतं. उद्या फोन बिघडला तर स्वतःच्याच मेलला बाई पारखी. आजच मुलाला शेजारी बसवून आपला नंबर घालून घ्या. लेकीच्या नावानं काढून विसरलेलं एखादं खातं असेल तर तेही उघडून पाहा. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते पुसून टाकू शकतं.

एवढं झालं की घरातल्या कुणाला तरी एक फोटो जोडून तुम्हाला मेल पाठवायला सांगा. तो आला, की तळेगावच्या ताईंनी बँकेला कागद पुन्हा पाठवायला कळवायला हरकत नाही.