संकासुराला लाइक किती?

कलेचं रक्षण करायला निघालेली माणसं कलेपेक्षा जास्त आवाज करतात, असा माझा अनुभव आहे. दशावतारात निदान पायपेटीचा आणि मृदंगाचा आवाज एका तालात असतो. रक्षकांना तेही बंधन नाही.

यंदाच्या मे महिन्यात आमच्या आरोंद्यात हा आवाज जरा जास्तच झाला. कारण आमची भाची. ती चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. सुट्टीत ती आपल्या सात मित्रमैत्रिणींना घेऊन आली, त्यांनी आमचा मांगर झाडला, पेंढा एका कोपऱ्यात सारला, आणि दर शनिवारी संध्याकाळी तासभर तिथून यूट्यूबवर थेट कार्यक्रम सुरू केला. कुणी बघणाऱ्यांनी सांगितलेलं चित्र पाच मिनिटांत काढायचं, कुणी एसटीच्या कंडक्टरची नक्कल करायची, दोघींनी गायचं आणि शेवटी छोटासा दशावतार. दिग्दर्शक कोणी नाही. ह्या शनिवारी जो कॅमेऱ्यापुढे, तो पुढच्या शनिवारी चहा करणार. सहकाराचा एवढा शुद्ध नमुना मी सहकारी पतपेढीतही पाहिलेला नाही.

झालं! शेजारचे नाना तिसऱ्या शनिवारी आमच्या खळ्यात आले आणि म्हणाले, "पोरांनी दशावताराचो इस्कोट केल्यानी! ही खिचडी मरे, कला नाय."

आता ह्या खिचडीचंच बघा. जो दशावतार वाचवायला नाना निघालेत, तो तरी काय आहे? आधी गणपती, मग रिद्धिसिद्धी, सरस्वती, मग संकासुराचा धुमाकूळ, मग आख्यान, त्यात गाणं, नाच, लढाई, रडारड, आणि पहाटे दहीकाला. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि ज्याने त्याने आपली भाषणं जागच्या जागी रचायची. नेपथ्य म्हणजे एक बाकडा. रंग ज्याचा त्याने लावायचा. ही सामुदायिक खिचडी आमचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या चवीने खात आले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे विनायक चासकरांचा 'गजरा' लागू लागला, तेव्हाही नकला, नाटुकली असली मिसळच होती. तिच्यासाठी हेच नाना, शेजाऱ्याच्या टीव्हीपुढे, शेजाऱ्याच्याच खुर्चीवर, सर्वांच्या आधी जाऊन बसत. आणि गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० पासून गावच्या नाटकाच्या फजितीवरच उभा महाराष्ट्र हसवला. त्याने मालवणी बुडाली नाही, उलट जी मालवणी बोलायला मुंबईत लाज वाटायची, तिला तिकीट लागलं.

नानांचा दुसरा मुद्दा असा, की मोबाईलवर बघायची सवय लागली की जत्रेला कोण येणार? हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जत्रेतली रात्र, खाज्याचा वास, पेंगुळलेली पोरं हे पडद्यावर येत नाही. पण २०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली, ऐन हंगामात मंडळांचे पेटारे बंद झाले, तेव्हा काही कलाकारांनी ह्याच मोबाईलपुढे रंग लावला होता. त्या दिवसांत हा मोबाईल बाटलेला नव्हता. आणि जत्रेला न येणारी माणसं मोबाईलमुळे दूर गेली नाहीत, ती आधीच डोंबिवलीला आणि दुबईला गेली. गावात किती घरांना कुलपं आहेत ते मोजायला नानांना चष्माही लागणार नाही.

शिवाय एक गंमत सांगतो. संकासुराला समोर टर उडवायला माणूस लागतो. सिनेमाने आणि टीव्हीने ते माणूसच काढून घेतलं. बघणाऱ्याने घरात कितीही शेरे मारले तरी पडद्यावरच्याला ऐकू जात नसत. ह्या पोरांच्या कार्यक्रमात दुबईहून कुणीतरी लिहितो, "संकासुरा, माझ्या बापाशीक विचार, आंबे कधी धाडतलो?" आणि संकासूर तिथल्या तिथे त्याच्या बापाला हाक मारतो. बाप मांगराच्या दारातच उभा असतो! पन्नास वर्षांनी प्रेक्षकाला तोंड परत मिळालं, आणि आम्ही म्हणतो कला मेली.

पण खरं दुखणं निराळंच होतं. ते चौथ्या शनिवारी बाहेर पडलं. "चेडवान संकासूर करूचो? शोभता काय ह्या?" कारण काळा झगा घालून, लाल जीभ लोंबवून नाचणारी ती आमची भाची. आता मी म्हणतो, पुरुषाने लुगडं नेसून द्रौपदी केली की ती परंपरा, आणि मुलीने काळा झगा घातला की ते थेर? जिल्ह्यात बायकांचे दशावतार होऊ लागले आहेत. राक्षस व्हायचा मान पुरुषांनीच का राखून ठेवावा? तो आम्हांला रंगाशिवायही साधतो.

राहिला पैशाचा मुद्दा. पोरांनी पडद्याच्या कोपऱ्यात पैसे पाठवायचं ते चौकोनी नक्षीचं चित्र लावलं, तर "भीक मागतत" असा बोभाटा झाला. अहो, रंगात आलेल्या राजाला भर प्रयोगात बक्षीस देतो ते काय असतं? यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला आधी १००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेल्याचा हिशेब लागतो. तोवर दिव्याचं बिल, रंग, कापड कोणी भरायचं? आणि तो वाटा मिळू लागला तरी शंभरातले पंचेचाळीस रुपये कंपनीचे. ह्या सावकारापुढे आमचा वाडीतला दुकानदार संत म्हणायचा.

पोरांचं सगळंच मला पटतं असं नाही. संकासुराला ती 'कंटेंट' म्हणतात, हे ऐकून मला जेवण जात नाही. एका शनिवारी लाइक कमी आले म्हणून आठही जण सुतकात बसले होते. त्यांना मी सांगितलं, की बाळांनो, दशावतारी राजा रात्री मुकुट घालतो आणि सकाळी डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गावाला चालू लागतो. त्याने कधी लाइक मोजले नाहीत.

पण बोजा उचलणं हा त्याचा मोठेपणा होता, तसाच तो आमचा कोतेपणाही होता. त्याचं कौतुक आम्ही रात्रभर केलं आणि त्याच्या पोटाची चौकशी सकाळी केली नाही. तेच ह्या पोरांच्या वाट्याला यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कलेचं नाव घेऊ नये. कला जिवंत हवी असेल तर ती करणाऱ्याला बक्षीस द्या, शेरा द्या, हवी तर शिवी द्या, पण समोर बसून द्या. नुसती जपूनच ठेवायची असेल, तर तिला डांबरगोळ्या घालून आजीच्या शालूशेजारी कपाटात ठेवा. किल्ली नानांकडे द्यायला माझी हरकत नाही.