पंधरावा क्रमांक आणि वयाची वही : मँचेस्टर युनायटेडच्या पुनर्बांधणीविषयी

१/
मँचेस्टर युनायटेडने २०२४-२५ चा हंगाम वीस संघांत पंधराव्या स्थानावर संपवला. ३८ सामन्यांत १८ पराभव. १९७४ मध्ये हा संघ अव्वल श्रेणीतून घसरला, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. 'सगळ्यांना विका, नवा संघ उभा करा' ही मागणी आम्हा चाहत्यांत जोर धरते आहे. इतिहासाची विद्यार्थिनी आणि या संघाची चाहती, अशा दोन्ही नात्यांनी तिच्याविषयी काही मांडायचे आहे. थ्रेड थोडा दीर्घ आहे.

२/
हा संघ पूर्वीही पंधरावा आलेला आहे : १९६१-६२ मध्ये. तेव्हा साखळीत २२ संघ असत. पुढच्या हंगामात तो एकोणिसावा आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, तो इंग्लंडचा विजेता होता आणि १९६८ मध्ये युरोपचा.

३/
हे आकडे शेजारी ठेवले की दिलासा वाटतो. परंतु दोन काळांत एक आकडा सारखा निघाला म्हणजे परिस्थितीही सारखी होती, असे मानणे हा इतिहासाचा सर्वांत सोपा गैरवापर आहे. १९६२ च्या पंधराव्या क्रमांकाखाली काय दडले होते, ते आधी पाहू.

४/
६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडहून परतणाऱ्या संघाचे विमान म्युनिकच्या धावपट्टीवरून उड्डाण करताना कोसळले. २३ जण मृत्युमुखी पडले, त्यांत ८ खेळाडू. आणखी दोन खेळाडूंना पुन्हा कधीच खेळता आले नाही. डंकन एडवर्ड्सने पंधरा दिवस मृत्यूशी झुंज दिली. तो २१ वर्षांचा होता. व्यवस्थापक मॅट बस्बी रुग्णालयात अत्यवस्थ होते.

५/
बस्बींचे सहायक जिमी मर्फी त्या विमानात नव्हते. ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते आणि कार्डिफमधील सामन्यासाठी मागे राहिले होते. दोन आठवड्यांच्या आत मैदानात अकरा माणसे उतरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

६/
१९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफए चषकाचा सामना झाला. त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण कोण खेळणार हे छपाईच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. स्टॅन क्राउदरचा करार तर सामन्याच्या जेमतेम तासभर आधी झाला.

७/
युनायटेड ३-० ने जिंकला. त्यांपैकी दोन गोल शे ब्रेनन या वीस वर्षांच्या पोराने केले. तो राखीव संघातला होता आणि मुख्य संघाकडून त्याचा तो पहिलाच सामना होता. हे नाव लक्षात ठेवा. दहा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

८/
त्या रात्री मैदानात दोन प्रकारची माणसे होती. काही घाईने विकत घेतलेली आणि काही क्लबच्याच हाताखाली वाढलेली. पुढल्या दहा वर्षांची गोष्ट म्हणजे या दोन प्रकारांचे प्रमाण आणि त्यांचा क्रम कसा जुळवायचा, याचा बस्बींनी केलेला शोध होय.

९/
१९५८-५९ मध्ये युनायटेड १०३ गोल करून दुसरा आला. लोकांना वाटले, सावरले! प्रत्यक्षात तो संघ अपघातातून वाचलेल्यांच्या जिद्दीवर आणि तातडीच्या डागडुजीवर उभा होता. पुढली चार वर्षे क्रमांक असे : ७, ७, १५, १९. म्हणजे जो दुसरा क्रमांक सुदृढ भासत होता, तो पोकळ निघाला.

१०/
आता उलट बाजू पाहा. ज्या वर्षांत क्रमांक घसरत होता, त्याच वर्षांत १९६१ मध्ये बेलफास्टहून पंधरा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा मँचेस्टरला आला : जॉर्ज बेस्ट. त्याला हेरले होते बॉब बिशप या स्काउटने. नॉबी स्टाइल्स मुख्य संघात स्थिरावत होता. १९६४ मध्ये कुमारांचा एफए युवा चषक युनायटेडने जिंकला. त्या कुमार संघात बेस्ट, डेव्हिड सॅडलर आणि जॉन ॲस्टन होते.

११/
ही पोरे वाढत असताना बस्बींनी खरेदी थांबवली नाही. डेव्हिड हर्ड १९६१ मध्ये आर्सेनलकडून. डेनिस लॉ १९६२ मध्ये तोरिनोकडून, १,१५,००० पौंडांना. पॅट क्रेरँड १९६३ मध्ये सेल्टिककडून. लॉ तेव्हा २२ वर्षांचा होता, क्रेरँड विशीच्या मध्यावर. म्हणजे घेतलेली माणसे अशा वयाची होती की बेस्ट विशीत येईल तेव्हा ती ऐन भरात असतील.

१२/
माझ्या मते पुनर्बांधणीचे मर्म इथे आहे. संघात एकाच वेळी तीन वयोगट नांदावे लागतात : तिशीच्या आसपासचे जाणते, पंचविशीतले भरातले आणि विशीच्या आतबाहेरचे उगवते. जाणते उतरणीला लागतील तेव्हा भरातले जाणते झालेले असावेत आणि उगवते भरात आलेले असावेत. गुणतालिका आज सांगते. उद्याचे काय ते वयाची वही सांगते.

१३/
२९ मे १९६८, वेम्बली. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बेनफिकावर ४-१ ने मात. त्या अकरा जणांत दुसऱ्या व्यावसायिक संघाकडून मोठी रक्कम मोजून घेतलेले दोघेच : गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनी आणि क्रेरँड. लॉ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात होता. म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स मैदानात होते. ब्रेनन होता. १९६४ च्या युवा संघातले तिघेही होते. आणि ब्रायन किडचा तो एकोणिसावा वाढदिवस होता. त्याने गोलही केला.

१४/
चाहत्यांच्या आठवणीत ही गोष्ट इथे संपते. इतिहासात ती इथे संपत नाही. त्या रात्रीची वयाची वही उघडा : फोक्स ३६, ब्रेनन ३१, चार्लटन ३०, क्रेरँड २९, आणि बाहेर बसलेला लॉ २८. युरोप जिंकलेल्या संघाचा अर्धा कणा उतरणीला लागलेला होता आणि त्याची जागा घेणारी फळी पुरेशी तयार नव्हती.

१५/
बस्बी १९६९ मध्ये पायउतार झाले. त्यानंतर विल्फ मॅकगिनेस, मध्ये काही महिने पुन्हा बस्बी, मग फ्रँक ओफॅरेल, मग टॉमी डॉकर्टी. युरोपियन चषक उंचावल्यानंतर सहाच वर्षांनी, १९७४ मध्ये, युनायटेड द्वितीय श्रेणीत गेला. २७ एप्रिलच्या सामन्यात सिटीकडून खेळणाऱ्या डेनिस लॉने टाचेने केलेला गोल सर्वांना आठवतो. पण इतर मैदानांवरचे त्या दिवशीचे निकाल पाहता तो गोल झाला नसता तरी युनायटेड घसरलाच असता.

१६/
म्हणून मी १९६२ आणि १९६८ ही दोन वर्षे समोरासमोर ठेवते. एकात पंधरावा क्रमांक आणि खाली उगवती फळी. दुसऱ्यात युरोपचा मुकुट आणि खाली ओसाडी. यांपैकी संकट कोणते होते?

१७/
हाच प्रकार २०१३ मध्ये पुन्हा घडला. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा ११ गुण अधिक घेऊन अखेरचे विजेतेपद मिळवले. वही मात्र सांगत होती : गिग्ज ३९, स्कोल्स ३८, फर्डिनंड ३४, विडिच, एव्हरा आणि कॅरिक ३१, गोलांचा धनी व्हॅन पर्सी २९. पुढच्याच हंगामात संघ सातवा आला. दोष सगळा डेव्हिड मॉइस यांच्या माथी गेला. मॉइस चुकले असतील; वही मात्र त्यांना वारशात मिळाली होती.

१८/
फर्ग्युसन यांना हे गणित कळत नव्हते, असे कोण म्हणेल? १९९५ च्या उन्हाळ्यात इन्स, ह्यूज आणि कॅन्चेलस्किस या तीन प्रस्थापितांना त्यांनी जाऊ दिले आणि १९९२ चा युवा चषक जिंकलेल्या फळीवर भिस्त ठेवली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडून ३-१ ने हरले. हंगामाअखेर साखळी आणि एफए चषक दोन्ही त्यांचे होते.

१९/
'सगळ्यांना विका' म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात. पण त्या पोरांच्या भोवती कोण होते? श्मायकेल, ब्रूस, पॅलिस्टर, अर्विन, कीन, कँटोना. मोकळ्या केलेल्या तीन जागांच्या मागे तयार माणसे उभी होती. आधी फळी तयार झाली, मग विक्री झाली. हा क्रम उलटा केला तर ती पुनर्बांधणी नव्हे, पाडकाम आहे.

२०/
२०१३ नंतरच्या बारा वर्षांत, काही सामन्यांपुरते आलेले सोडले तरी सात व्यवस्थापक झाले. प्रत्येकाची खेळपद्धती वेगळी, म्हणून प्रत्येकाची खरेदीची यादीही वेगळी. पॉल पोग्बा हे त्याचे ठळक उदाहरण : २०१२ मध्ये जवळजवळ फुकट गेला, २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंडांना परत आणला, २०२२ मध्ये पुन्हा फुकट गेला. २०२२ मध्येच तीस वर्षांचा कासेमिरो आणि ८ कोटींहून अधिक किमतीचा अँटनी आला. अँटनीचे वय योग्य होते. पण त्याची निवड त्या वेळच्या व्यवस्थापकाच्या जुन्या ओळखीतून झाली होती.

२१/
आता सर्वांत गंभीर मुद्दा. २०२४-२५ मधील प्रीमियर लीगच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा दाखवता येत नव्हता. युवा विकासासारखे काही खर्च त्यातून वगळले जात. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागली जाते. पाच वर्षांच्या करारावर ५ कोटींना घेतलेला खेळाडू दोन वर्षांनी विकला, तर वहीत त्याचे ३ कोटी शिल्लक असतात. नफा त्यावरच्या रकमेचाच.

२२/
स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूची हिशेबातली किंमत मात्र शून्य असते. तो विकला की जवळजवळ सगळी रक्कम निव्वळ नफा! म्हणजे जमाखर्चाची वही क्लबला सांगते : जे तुम्ही स्वतः घडवले, तेच आधी विका. वयाची वही नेमके याच्या उलट सांगते.

२३/
मे २०२४ मधला एफए चषकाचा अंतिम सामना आठवा. सिटीविरुद्ध २-१. युनायटेडचे दोन्ही गोल अकादमीतल्या पोरांचे : गार्नाचो आणि कोबी मेनू. तीन महिन्यांनी बालपणापासून या क्लबमध्ये वाढलेला स्कॉट मॅकटॉमिने नापोलीला सुमारे २.५ कोटींना विकला गेला. पहिल्याच हंगामात नापोली इटलीचा विजेता ठरला आणि मॅकटॉमिने त्या साखळीचा सर्वोत्तम खेळाडू. २०२५ मध्ये गार्नाचो बाहेर जाणार अशा बातम्या होत्या आणि मेनूच्या विक्रीचीही चर्चा होत होती.

२४/
इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. बस्बींच्या काळी खेळाडू क्लबला बांधलेला असे. १९६१ पर्यंत वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती आणि करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शके. म्हणजे ती फळी टिकली यात बस्बींच्या दृष्टीइतकाच एका अन्याय्य व्यवस्थेचाही वाटा होता. १९६३ चा ईस्टहॅम खटला आणि १९९५ चा बोस्मन निर्णय यांनी खेळाडूला मोकळे केले, आणि ते योग्यच झाले.

२५/
म्हणून मला १९६२ परत नको आहे. आज पोर टिकवायचे तर त्याला रास्त वेतन, नियमित खेळ आणि भविष्याची खात्री द्यावी लागेल. पण मेनू स्वतः जाऊ पाहतो आणि क्लब जमाखर्चासाठी त्याला दारात उभा करतो, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीला आपण निरोप देऊ. दुसरीला विरोध केला पाहिजे.

२६/
मग चाहती म्हणून माझे म्हणणे काय?
एक : मेनूला विकू नका. युरो २०२४ चा अंतिम सामना इंग्लंडकडून सुरुवातीपासून खेळलेला मधल्या फळीतला खेळाडू तुम्हाला त्याच रकमेत परत मिळणार नाही.
दोन : जिथे खालून कोणी येत नाही, तिथेच मोठी खरेदी करा. साखळीत केवळ ४४ गोल झाले. आघाडीची फळी ही ती जागा आहे. २६ वर्षांच्या मॅथ्यूस कुन्याची निवड मला या कारणास्तव पटते.

२७/
तीन : एखाद्या व्यवस्थापकाच्या खेळपद्धतीसाठी नव्हे, क्लबसाठी खरेदी करा. पाच वर्षांचा करार व्यवस्थापकाच्या नोकरीपेक्षा सहसा अधिक टिकतो.
चार : स्काउट आणि कुमार प्रशिक्षक यांवरचा खर्च कपातीच्या यादीत सर्वांत शेवटी ठेवा. २०२४ मध्ये क्लबने सुमारे २५० नोकऱ्या कमी केल्या. बेस्ट एका स्काउटच्या नजरेने मिळाला होता, हे कपात करणाऱ्यांनी विसरू नये.

२८/
ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत क्लबने घडवलेला निदान एक खेळाडू राहिला आहे. महायुद्ध, म्युनिक आणि १९७४ यांतून ती साखळी तुटली नाही. एक नाव चमूत ठेवून विक्रम कागदोपत्री सहज राखता येतो. खेळवण्यासाठी ठेवलेली फळी ही त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि खरी कसोटी तिची आहे.

२९/
पुढल्या हंगामात युनायटेड सहावा आला तर लगेच जल्लोष करू नका आणि बारावा आला तर लगेच शोक करू नका. क्रमांकाच्या शेजारी तीन रकाने मांडा : तिशीतले कोण, पंचविशीतले कोण, विशीतले कोण. तिसरा रकाना रिकामा दिसला तर मात्र काळजी करा, मग हातात चषक असला तरीही.

३०/
मतभेद असतील तर अवश्य मांडा, विशेषतः मेनूविषयी. आणि तुम्ही दुसऱ्या संघाचे चाहते असाल तर तुमच्या संघाचे हे तीन रकाने खाली लिहा. लिव्हरपूल आणि आर्सेनलवाल्यांचे वाचायला आवडतील. निदान तेवढ्यापुरते तरी भांडण बाजूला ठेवू.